शीअर लिक्विड आयशॅडो घडीत गोळा होते, डागाळते, राखाडी दिसते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "ताई, लावली तेव्हा मस्त दिसत होती, तासाभराने आरशात बघितलं तर डोळ्यावर रेघ." मी साताऱ्यात लग्नाचे मेकअप करते. शीअर लिक्विड आयशॅडोची बाटली हातात घेऊन आलेल्या कितीतरी मुलींच्या पापण्या मी पुसून पुन्हा केल्या आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. दोष बाटलीत क्वचित असतो. तो पापणीवर आधीपासून जे काही आहे त्यात असतो, नाहीतर लावल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. म्हणून नवीन बाटली किंवा महागडं प्रायमर (रंग धरून राहावा म्हणून आयशॅडोच्या खाली लावतात ते) घ्यायच्या आधी खालच्या गोष्टी क्रमाने बघा. पहिल्या पाचांना एक रुपयाही लागत नाही.

आधी लक्षण ओळखा

पापणीच्या घडीत रंगाची बारीक रेघ जमते आणि तिच्या वरखाली त्वचा उघडी पडते. ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार.

लावतानाच डाग पडतात. मध्ये रंग जातो, कडेला गडद गोल उरतो, आणि बोट फिरवलं की आणखी निघतो.

बारीक गोळे सुटतात, खोडरबराने खोडल्यावर सुटतात तसे.

पापणीवर रंग नीट राहतो, पण भुवईखाली त्याचा ठसा उमटतो.

रंग दिसतच नाही, किंवा दिसतो तो राखेसारखा. बाटलीत गुलाबी, डोळ्यावर आजारी माणसासारखा फिका.

खाज, जळजळ, लाली, सूज यांतलं काही असेल तर हा क्रम तुमच्यासाठी नाही. आत्ता पुसा, डोळे धुवा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

ही आयशॅडो पापणीवर बसते कशी

शीअर म्हणजे रंगाचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेली, खालची त्वचा दिसू देणारी. बाटलीतला द्रव पापणीवर पसरला की त्यातला उडून जाणारा भाग उडतो. बऱ्याच बाटल्यांत हा भाग आयसोडोडेकेन किंवा हलकं सिलिकॉन असतं, काहींत पाणी. मागे उरतो एक अतिशय पातळ पडदा, आणि रंगाचे व अभ्रकाचे कण त्यात अडकलेले असतात. पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तीही मिनिटाला पंधरा-वीस वेळा दुमडते. पडदा वाळायच्या आत दुमडला तर रंग घडीत सरकतो. पडदा वाळला पण खाली तेल असलं तर तो सुटतो आणि मग घडीत सरकतो. पुढच्या बहुतेक गोष्टी याच दोन कारणांवर येऊन थांबतात.

१. बाटली तळहातांत फिरवा

रंगाचे आणि चमकीचे कण जड असतात, ते तळाशी बसतात. आठवडाभर उभी असलेली बाटली तशीच उघडली तर झाकणाला जोडलेल्या कांडीला वरचं पाणचट द्रव लागतं. रंग दिसत नाही म्हणून तुम्ही तीनदा लावता आणि थर जाड होतो. बंद बाटली दोन्ही तळहातांत धरून रवी फिरवतो तशी अर्धा मिनिट फिरवा. कांडी आत-बाहेर पंपासारखी करू नका. त्याने आत हवा जाते आणि उरलेली आयशॅडो लवकर घट्ट होते.

२. थेंब मोहरीएवढा

शीअर आयशॅडोचा मोह असा असतो की पहिल्या थरात रंग कमी दिसतो, हात पुन्हा बाटलीकडे जातो, आणि ओल्यावरच दुसरा थर बसतो. खालचा ओला, वरचा ओला, दोन्ही मिळून सरकतात. डाग पडण्याचं नेहमीचं कारण हेच.

कांडी बाटलीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी पुसा. ती सरळ डोळ्याला लावू नका. हाताच्या पाठीवर टेकवा आणि तिथून मोहरीएवढा थेंब अनामिकेच्या टोकावर घ्या. अनामिकाच का, तर तिचा दाब आपोआप हलका पडतो. थेंब पापणीच्या मधोमध, केसांच्या कडेजवळ ठेवा आणि थोपटत थोपटत बाहेर न्या. ओढू नका. घडीपर्यंत पोचेतो बोटावर जवळजवळ काही उरलेलं नसावं. घडीच्या वर जाईल ती नुसती झाक.

दुसरा थर हवा असेल तर पहिला पूर्ण वाळल्यावर. पातळ दोन थर दिवसभर टिकतात, जाड एक थर तासभरही टिकत नाही.

३. एक मिनिट खाली बघा

बहुतेकजणी लावतात आणि लगेच डोळे मोठे करून आरशात बघतात, कशी दिसते म्हणून. त्या क्षणी ओली पापणी दुमडते आणि घडीत रेघ उमटते. मागाहून कितीही थोपटलं तरी ती रेघ पुन्हा तिथेच येते.

हातातला आरसा हनुवटीच्या खाली धरा, म्हणजे नजर खाली राहते आणि पापणी ताणलेली राहते. लावून झाल्यावर साठ आकडे मोजा. पावसाळ्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत दीड मिनिट धरा, विशेषतः बाटली पाण्याच्या बेसची असेल तर. मी नवरीला तिच्या हातावरच्या मेंदीकडे बघत बसायला सांगते. पापणी खाली राहते, आणि त्या धावपळीत तिला एक मिनिट शांतही मिळतं.

तपासणी सोपी आहे. मिनिटानंतर करंगळीचं टोक हलकेच टेकवा. बोटाला रंग लागला तर आणखी थांबा.

४. पापणीवर तेल आहे का? (इथे घाई करू नका)

वरच्या तीन गोष्टी सांभाळूनही रेघ येत असेल, तर माझा संशय तेलावरच जातो. आपल्याकडे तर तो आधी इथेच जायला हवा.

एक मे महिन्यातलं लग्न सांगते. ट्रायल झाली होती, तांबूस रंगाची शीअर आयशॅडो सहा तास जागची हलली नव्हती. लग्नाच्या सकाळी त्याच मुलीला, तीच बाटली, त्याच हाताने लावली, आणि वीस मिनिटांत घडीत रेघ. मुहूर्त साडेबाराचा. मी सगळं पुसलं, टिश्यू पेपरचा एकच पदर काढला, तिच्या मिटलेल्या पापणीवर दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरला आणि खिडकीशी नेला. कागदावर पारदर्शक डाग होता, भज्यांच्या कागदावर पडतो तसा. आदल्या संध्याकाळी हळद झाली होती, हळदीत तेल होतं, आणि आत्या-मावश्यांनी ती कपाळापासून गळ्यापर्यंत मायेने चोळली होती. ते साबणाने बऱ्यापैकी गेलं होतं. पण रात्री झोपताना आईने पापण्यांच्या केसांना एरंडेल लावलं होतं, केस दाट दिसावेत म्हणून. एरंडेल दाट आणि चिकट, ते वाळत नाही आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. रात्रभर ते केसांच्या मुळांवरून पापणीवर पसरतं. सकाळी डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. आयशॅडोला मात्र कळतं.

ओल्या कापसाच्या बोळ्यावर सौम्य फेसवॉशचा एक थेंब घेतला, डोळे मिटवून पापणी पुसली, मग साध्या पाण्याच्या बोळ्याने तीन वेळा. कोरडं टिपलं, दहा मिनिटं तशीच ठेवली, पुन्हा टिश्यू लावला. डाग नाही. मग लावलेली आयशॅडो होमाच्या धुरात डोळ्यांतून पाणी आलं तरी टिकली.

तुमच्या घरी तेल कुठून येऊ शकतं ते मनाशी एकदा मोजून बघा. एरंडेल. केसांना लावलेलं खोबरेल, जे उन्हात कपाळावरून खाली उतरतं. रात्रीची डोळ्यांखाली लावायची क्रीम. आणि काजळ. विकतचं काजळ मेण आणि तेलाचं असतं, घरी धरलेलं काजळ तुपात नाहीतर एरंडेलात कालवतात. वरच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळ आधी घातलं तर त्याची ओल आयशॅडोच्या खालून वर चढते. आयशॅडो आधी, ती वाळली की मग काजळ.

तक्रार पुन्हा पुन्हा येते तिचं एक कारण सहसा लक्षात येत नाही, ते इथेच सांगते. ही आयशॅडो पाण्याने निघत नाही, म्हणून रात्री खोबरेल लावून काढली जाते. काढायला तेल चांगलंच आहे. पण त्यानंतर पापणी फेसवॉशने धुतली जात नाही. ते उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या आयशॅडोला सोडवतं. ती बिघडली म्हणून संध्याकाळी आणखी जोर लावून, आणखी तेलाने काढली जाते. हे चक्र चार-चार महिने चाललेल्या मुली मी बघितल्या आहेत, आणि प्रत्येकीने मधल्या काळात दोन-तीन बाटल्या बदललेल्या असतात. रात्री कापसावर रिमूव्हर किंवा तेल घ्या, मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस आकडे मोजेपर्यंत नुसतं धरून ठेवा, मग वरून खाली एकदाच पुसा. चोळायची गरज पडत नाही. त्यानंतर फेसवॉश आणि पाणी. तीन रात्री एवढं केलं तरी फरक दिसतो.

५. दोन डोळ्यांवर दोन प्रकारे लावून बघा

तेल नाही, तरी गोळे सुटतात किंवा डाग पडतात. मग आयशॅडोच्या खाली जे आहे त्याच्याशी तिचं जुळत नाही. बहुतेकजणी सनस्क्रीन, मॉइश्चरायझर, फाउंडेशन आणि कन्सीलर असं सगळं पापणीपर्यंत नेतात, आणि त्यावर ही पाचवी गोष्ट बसवतात.

घरी असाल त्या दिवशी डाव्या पापणीवर काहीच न लावता, स्वच्छ कोरड्या त्वचेवर आयशॅडो लावा. उजवीकडे नेहमीसारखं सगळं करा. दोन तासांनी दोन्ही डोळे बघा. डावा नीट राहिला आणि उजवा बिघडला तर उत्तर मिळालं. मग एकेक गोष्ट कमी करत जा. दोन्ही सारखेच बिघडले तर खालच्या थरांना दोष देऊ नका, पुढे चला.

हातावरची एक युक्तीही आहे. कन्सीलरचा एक थेंब आणि आयशॅडोचा एक थेंब मनगटावर बोटाने एकत्र करा. दूध फाटल्यासारखे कण सुटे झाले तर ती जोडी पापणीवरही फाटणार. सिलिकॉनवर पाण्याच्या बेसची आयशॅडो गेली की असं बऱ्याचदा होतं.

६. रंग दिसत नाही, किंवा राखाडी दिसतो

हा भाग टिकण्याचा नाही, दिसण्याचा आहे. बाटल्या सगळ्यात जास्त फुकट जातात त्या यामुळेच. दुकानात मनगटाच्या आतल्या बाजूला रेघ ओढून रंग पसंत केला जातो. ती जागा बरीच उजळ असते. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या पापण्या गालापेक्षाही गडद असतात, तपकिरी किंवा निळसर झाक असलेल्या. शीअर आयशॅडोतून खालची त्वचा दिसते, म्हणजे डोळ्यावर दिसणारा रंग हा बाटलीतला अधिक तुमचा, असा दोन्हींचा मिळून असतो. मनगटावर तुम्ही वेगळ्याच त्वचेशी मिसळून बघता. त्यापेक्षा बोटाच्या पेरावर, सांध्याच्या सुरकुतलेल्या जागी लावून बघा. तिथला रंग पापणीच्या जवळ जातो आणि घडीत काय होईल तेही दिसतं. दुकानातला टेस्टर मात्र डोळ्याला कधीच लावू नका. ती कांडी आधी कोणाच्या डोळ्याला लागली असेल ते कळायला मार्ग नाही.

गव्हाळ आणि सावळ्या पापण्यांवर मी जे रंग पुन्हा पुन्हा लावले, त्यांचं सांगते.

तांबूस, कांस्य, जुन्या सोन्याचा रंग हे पहिल्याच थरात बसतात. त्यांतला रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे आपण कुंड्यांना लावतो त्या गेरूच्याच घरातला, आणि तो अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर चढवलेला असतो. त्वचेच्या तपकिरीत तो मिसळतो आणि चमक तेवढी वर राहते. पहिलीच बाटली घेणार असाल तर यांतली घ्या.

अबोलीचे दोन प्रकार निघतात. नारिंगीकडे झुकणारी अबोली पापणीची निळसर काळपट झाक मारते आणि डोळा उघडल्यासारखा ताजा दिसतो. दुधाळ अबोली त्याच पापणीवर खडू लावल्यासारखी दिसते. नाव दोन्हींचं एकच असतं.

पिस्ता, आकाशी, फिका जांभळा यांच्याबद्दल राखाडीची तक्रार सगळ्यात जास्त. हे रंग फिके करायला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा रंग घातलेला असतो. पांढऱ्याचा पातळ थर तपकिरीवर बसला की राख दिसते. तुमच्या लावण्यात चूक नाही आणि तुमच्या वर्णात तर नाहीच. तो रंग उजळ त्वचा डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. उपाय दोन. पापणीवर त्वचेच्या रंगाच्या कन्सीलरचा अगदी पातळ थर देऊन तो पावडरने बसवा आणि मग लावा. किंवा पूर्ण पापणीवर न लावता फक्त मध्यभागी, बुबुळाच्या बरोबर वर, टिकलीएवढी झाक द्या. आवडता रंग टाकून द्यायची गरज नाही.

मोरपंखी आणि चिंतामणी हे पहिल्या थरात माराच्या वणासारखे काळेनिळे दिसतात. इथे उपाय उलटा आहे. खाली गडद तपकिरी किंवा काळी पेन्सिल केसांच्या कडेला लावून बोटाने पसरवा आणि तिच्यावर आयशॅडो थोपटा. गडद जमिनीवर अभ्रकाची चमक उठून येते, पैठणीच्या गडद काठावर जर उठून दिसते तशी. मोरपंखी शालूबरोबर मी नेहमी हेच करते.

डाळिंबी आणि वाइनचे रंग सुंदर, पण थेट डोळ्याच्या कडेला लागले की डोळे आल्यासारखे दिसतात. मध्ये काजळाची किंवा लायनरची बारीक रेघ ठेवा. काही लाल-गुलाबी छटांत कार्माइन असतं, ते कोचिनियल किड्यांपासून काढतात. खोक्यावर सीआय ७५४७० असा आकडा असेल तर ते हेच. शाकाहारी घरांतल्या मुली मला हे विचारतात, आणि विचारणं योग्यच आहे. टायटॅनियम डायऑक्साइडचा आकडा सीआय ७७८९१, लाल लोह ऑक्साइडचा ७७४९१. मात्र बऱ्याच खोक्यांवर सगळ्या छटांचे आकडे एकत्र छापलेले असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून तुमच्या बाटलीत पांढरा किती ते समजत नाही. पेरावर लावून बघणंच खरं.

उजेडही बदला. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला आकाशी हॉलच्या पिवळ्या दिव्यांत नाहीसा होतो, आणि चमकी जास्त असलेली छटा फ्लॅशच्या फोटोत पांढरी मारते. खिडकीशी बघा, पिवळ्या दिव्याखाली बघा, फ्लॅश लावून एक फोटो काढा.

आणि एका बैठकीत दोनपेक्षा जास्त रंग एकाच पापणीवर लावून पुसू नका. तिसऱ्या वेळेपर्यंत त्वचा लाल झालेली असते आणि शीअर रंगातून ती लालीच दिसते. मग चौथा रंग चांगला की वाईट, ते कळतच नाही. डाव्या डोळ्यावर एक, उजव्यावर दुसरा, उरलेले उद्या.

७. आता पावडर, मग प्रायमर

पापणी मुळातच तेलकट असेल, धुतल्यावर तासाभरात पुन्हा टिश्यूवर डाग पडत असेल, तर साधी लूज पावडर बारीक ब्रशने घडीत फिरवा आणि जास्तीची झटका. आयशॅडोच्या आधी. नंतर लावली तर चमक मरते, आणि शीअर आयशॅडोत चमक हाच जीव असतो.

एवढ्याने भागलं नाही तर प्रायमर. काही शे रुपयांचा खर्च आहे, म्हणून तो इतक्या खाली ठेवला आहे. डोळ्यांसाठीचंच घ्या, चेहऱ्याचं नको, आणि तांदळाच्या दाण्याएवढं दोन्ही डोळ्यांना पुरतं. मनगटावरची फाटण्याची तपासणी त्याच्यासाठीही करा.

८. बाटलीचं वय

खोक्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात सहा, बारा असा आकडा आणि पुढे एम. उघडल्यापासून तेवढे महिने. बाटली उघडाल त्या दिवशी तळाला तारखेची चिठ्ठी चिकटवा. आयशॅडो घट्ट झाली, कांडीला तार धरायला लागली, वास बदलला, किंवा फिरवूनही वेगळी वेगळीच राहिली तर ती संपली असं समजा. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली पर्स वर्षाची बाटली दोन महिन्यांत म्हातारी करते.

घट्ट झालेल्या बाटलीत पाणी, गुलाबजल, तेल काहीही घालू नका. काम शिकत होते तेव्हा मी एका बाटलीत गुलाबजल घातलं होतं आणि ती माझ्या बहिणीच्या डोळ्याला लावली. दोन दिवस तिचा डोळा लाल होता, आणि ते मला अजून लागतं. बाहेरचं पाणी आत गेलं की त्यातलं जंतू रोखणारं द्रव्य पातळ होतं आणि बाटली डोळ्यासाठी सुरक्षित राहत नाही. डोळे आले असताना वापरलेली बाटली, कितीही नवी असली तरी, टाका. आणि आपली बाटली मैत्रिणीला देऊ नका, तिची घेऊ नका.

९. पापणीची ठेवण

सरळ समोर बघा. पापणीचा हलणारा भाग आरशात जवळजवळ दिसत नसेल, वरची त्वचा त्याच्यावर येऊन टेकत असेल, तर भुवईखाली ठसा उमटणारच. त्वचा त्वचेला लागते, दिवसभर घासते. पन्नाशीच्या पुढच्या आई-मावश्यांना ही तक्रार जास्त, पण विशीतही असते. हा दोष नाही, डोळ्याचा आकार आहे. रंग केसांच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटरमध्येच ठेवा, घडी मोकळी सोडा. घडीच्या वर काही हवंच असेल तर त्वचेच्याच रंगाची, चमकी नसलेली पावडर आयशॅडो. माझ्या आईला मी अशीच लावते आणि ती रात्री जेवणं होईपर्यंत तशीच असते.

कुठे थांबायचं

हे सगळं क्रमाने केलं, दोन वेगवेगळ्या दिवशी केलं, तरी रेघ येते आणि लग्न किंवा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आहे. अशा वेळी स्वतःवर प्रयोग थांबवा. ओळखीच्या मेकअप करणाऱ्या ताईंकडे ट्रायल घ्या, आपली बाटली आणि रोजचं क्रीम सोबत न्या. आदल्या रात्री डोळ्याला काय लावता ते त्यांना खरं सांगा, एरंडेलसुद्धा.

डॉक्टरांकडे जायची वेळ वेगळी, आणि तिथे उद्यावर ढकलू नका. लावल्यावर जळजळ झाली की लगेच पुसा आणि स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात धुऊन ती काढा. धुतल्यावरही दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा पू येत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. चमकी डोळ्यात गेल्यासारखी टोचत असेल तर चोळू नका, बुबुळावर ओरखडा पडतो. हस्तकलेची चमकी, रांगोळी, गुलाल यांतलं काहीही डोळ्यावर लावायचं नाही, हेही इथेच सांगते.

रांजणवाडी वारंवार होणं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असणं, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे धरणं, हे पापणीच्या कडेच्या सुजेचं लक्षण असू शकतं. त्यावर मेकअप लावून झाकू नका. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, मोतीबिंदूचं असो की चष्मा घालवायचं, तर डोळ्याला पुन्हा मेकअप कधी लावायचा ते डॉक्टरच सांगतील. एका बाजूची पापणी अचानक खाली आली, सोबत दोन दोन दिसायला लागलं किंवा डोकं जोरात दुखायला लागलं, तर तासही न घालवता दवाखान्यात जा. तो आयशॅडोचा विषय नाही.

पापणीची त्वचा खाजते, कोरडी पडते, जाड होते, आणि आयशॅडो बंद करूनही जात नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पापणीवरची अ‍ॅलर्जी कधी कधी भलत्याच वस्तूची निघते. नेलपॉलिशची, कारण तो हात दिवसातून कितीदा तरी डोळ्याला लागतो. केसांच्या काळ्या रंगाची. सुगंधी क्रीमची. म्हणून जाताना फक्त आयशॅडो घेऊन जाऊ नका. डोळ्यांच्या आसपास, केसांना आणि नखांना लावता ती प्रत्येक गोष्ट पिशवीत घाला, खोकी टाकली नसतील तर तीही घ्या, आणि प्रत्येकीच्या मागच्या घटकांच्या यादीचा फोटो काढून ठेवा. डॉक्टर पॅच टेस्ट (त्वचेवर थोडं थोडं लावून अ‍ॅलर्जी कशाची ते बघायची तपासणी) करायची म्हणाले तर ती नक्की कशाची करायची, हे त्या पिशवीवरून ठरवायला सोपं जातं.